भागूबाई आणि आडवी बाटली

कुकर गॅसवर चढवला, की शालनवैनी स्वयंपाकघरातून बाहेर पडत आणि गल्लीत येऊन उभ्या राहत. पहिल्या शिट्टीला पदर कानावर जाई. शिट्ट्या पुरेशा झाल्या, की आमच्या दारात येऊन म्हणत, “बाई, तेवढा गॅस बंद करून येता काय? माझा हात पुरत न्हाय.” हात चांगला पुरत असे. धीर पुरत नसे. मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत मी लग्न होऊन आले, तेव्हापासून शेजारच्या घरचा भात बहुतेक माझ्याच हातानं उतरला.

पोरं एकमेकांना चिडवताना ‘भित्री भागूबाई’ म्हणतात. आमच्याकडे ते एका बाईचं नावच होऊन बसलं होतं. पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही लोक सांगत, “भागूबाईंचं घर व्हय? ते काय, निळं दार.” वैनींना त्याचं वाईट वाटत नसे. “खोटं काय हाय त्यात?” एवढंच त्या म्हणत.

पाल, वीज, दवाखान्यातली लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, सगळ्यांचीच त्यांना भीती. दार वाजलं, की आतून “कोण हाय?” हा प्रश्न दोन-तीनदा यायचाच. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊजी म्हणत असू, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होते. दिवसभर लोखंडाशी झुंजून आलेला तो माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगे, “अगं, मी हाय.”

“मी म्हंजे कोण?”

“तुझा नवरा!”

“नाव सांगा की.”

नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. गल्ली हसायची, भाऊजीही हसायचे.

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आम्ही बाकीच्या बायकाही भीतच होतो. फक्त आम्ही भीतीला दुसरी नावं देत असू. कोणी म्हणे, मला वेळ नाही. कोणी म्हणे, आमच्यात असलं चालत नाही. शाळेत शिकवणारी मी म्हणत असे, विचार करून सांगते. वैनी सरळ सांगत, “मला भ्या वाटतंय.”

गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेलं आणि त्या जागी देशी दारूचं दुकान आलं. बाहेर हिरवी ताडपत्री लागली, बाकडी आली, अंडी उकडणारा गाडा आला. गल्लीत शिरायला दुसरी वाट नव्हती. दूध आणायला, नोकरीवर, देवळात, कुठंही जायचं तर त्या बाकड्यांसमोरून. सुरुवातीला पुरुष नुसते बघत. मग गाणी म्हणू लागले. मग एकानं नर्सिंगचं शिकणाऱ्या एका मुलीची ओढणी धरली आणि सगळी बाकडी हसली. भर दुपारची गोष्ट. त्या दिवसानंतर गल्लीतल्या बायका बाहेर पडताना एकमेकींना हाक मारून दोघी-तिघी मिळून निघू लागल्या. दुकानाबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं. दुकानाच्या मालकाचा हात वरपर्यंत पोचलेला आहे, असं सगळे म्हणत. वर म्हणजे कुठं, हे कुणी विचारत नसे.

वैनींची तेजू तेव्हा दहावीत होती. पोरगी वैनींच्या अगदी उलट. झुरळ हातानं पकडून बाहेर टाकायची आणि आईला म्हणायची, “मम्मी, ते तुला बघून पळालंय.” एके दिवशी तिनं संध्याकाळचा क्लास सोडला. डोकं दुखतंय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी वैनी माझ्याकडे आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“बाई, पोरगी कडी लावून बसायला लागलीया. दार वाजलं, की दचकतीया. त्या बाकड्यांम्होरनं जायाचं न्हाय म्हणतीया.” मग त्या म्हणाल्या, “मी भ्याले तर भ्याले. माझा जन्म गेला त्यात. पर तिला न्हाय भिऊ द्यायची मी. काय करता येतंय, सांगा.”

माझ्या एका सहकारी बाईंच्या माहेरी असंच दुकान बंद पडलं होतं, म्हणून मला रीत माहीत होती. ती मी सांगितली. वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी एक चतुर्थांश जणींनी सह्यांचा अर्ज दिला, तर तिथं फक्त बायकांचं गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे. आडवी बाटली म्हणजे बंद करा. पण मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तरच दुकान जातं. जी बाई मत द्यायलाच आली नाही, ती दुकानाच्याच उपयोगी पडते.

वैनींनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे घरात बसली, ती उभी?”

“हो.”

“मग भिऊन घरात बसता बी येत न्हाय की.”

सह्या गोळा करायला आधी महिला मंडळाच्या अध्यक्षबाई निघाल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता. “रणरागिणींनो, घाबरायचं नाही!” असं त्या प्रत्येक दारात म्हणत. बायका मान डोलवत आणि म्हणत, आमचे हे घरी आले की विचारते. अशा रीतीनं दोन गल्ल्या झाल्या, तरी हाती काही लागलं नाही. अध्यक्षबाईंना मग गावी लग्न निघालं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी वैनींनी पहिली सही केली. पेन इतकं थरथरत होतं, की ‘शालन’मधला ‘ल’ खालच्या ओळीत गेला. मग म्हणाल्या, “चला बाई. मला एकटीला भ्या वाटतंय.”

त्या दारादारांत जाऊन जे करत होत्या, त्याला प्रचार म्हणणं अवघड आहे. त्या उंबऱ्यावर बसत, पाणी मागत आणि म्हणत, “मला बगा लई भ्या वाटतंय. सही केल्यापास्नं जेवण जात न्हाय. तुला काय वाटतंय ग?” मग समोरची बाई बोलायला लागे. कुणाचा मुलगा त्या बाकड्यांवर बसत होता. कुणाचा नवरा तिथंच पगार संपवून येई आणि मग हात उचली. कुणाला घर सोडावं लागेल अशी धास्ती होती, कारण घरमालक दुकानदाराचा पाहुणा. आजवर जे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ते भागूबाईंना सांगत होत्या. भित्र्या बाईपुढं लाज कसली? आणि सगळं बोलून झालं, की बहुतेक जणी स्वतःच म्हणत, “आणा ते पेन. भागूबाईनं केली, आन् मी न्हाय करत व्हय?”

ही बातमी दुकानात पोचायला वेळ लागला नाही. दोन माणसं मोटारसायकल आडवी लावून गल्लीच्या तोंडाशी बसू लागली. ती काही बोलत नव्हती. आम्ही कोणत्या दारात शिरतो, किती वेळ थांबतो, ते बघत आणि मोबाइलवर फोटो काढत.

मग एक दिवस पांढऱ्या शर्टातला एक माणूस वैनींच्या दारात आला. मी त्यांच्याकडेच दळण निवडत बसले होते. “कोण हाय?” झालं. तो नाव न सांगता म्हणाला, “पावणं हाय, वैनी. वाईच पाणी मिळंल का?” आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी वैनींनी कडी काढली.

तो आत आला नाही. पाणी प्याला, तांब्या नीट उंबऱ्यावर ठेवला. आवाज अगदी घरच्यासारखा.

“कशाला पडताय या भानगडीत? साधी माणसं तुम्ही. दुकानवाल्या दादांना वाईट वाटलं. म्हनलं, समजावून ये.” मग आत नजर टाकून त्यानं विचारलं, “पोरगी कितवीला हाय?”

वैनी दाराच्या फळीला धरून उभ्या होत्या.

“दहावीला,” त्या म्हणाल्या.

“क्लास लांब हाय न्हवं तिचा? एकटीच येती. जपा.”

तो गेला. वैनींनी दार लावलं, मोरीत जाऊन बसल्या आणि पोटात होतं नव्हतं ते ओकल्या. मी पाठीवर हात ठेवला. पाठ घामानं चिंब आणि गार. मी म्हटलं, “वैनी, सोडून देऊ या.” त्या बराच वेळ चुळा भरत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “त्येला क्लास ठावं हाय, वाट ठावं हाय. आता सोडलं, तर तो ते इसरंल व्हय?”

दोन दिवसांनी सकाळी त्यांच्या दारात बाटली फुटली. रांगोळी काढून त्या आत वळल्या होत्या, एवढ्यात मागं आवाज झाला. मोटारसायकल निघून गेली. ठिपक्यांवर काचा पसरल्या आणि दारूचा वास गल्लीभर सुटला. आम्ही सगळ्या दारांत उभ्या होतो. वैनी खराटा घेऊन आल्या. बाटलीचं बूड आणि मान तेवढी शाबूत उरली होती. तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “फुटली तरी आडवीच पडली की गं, बायांनो.”

त्या भीतीतही कोणीतरी खुदकन हसलं. त्या आठवड्यात सह्या पुऱ्या झाल्या. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत गेला.

खरी दहशत मात्र पुढं होती. अर्जावरच्या सह्या खऱ्या आहेत का, हे तपासायला अधिकारी येणार होते. सही करणाऱ्या प्रत्येकीनं वॉर्डातल्या शाळेत जाऊन, माझी सही माझीच आहे, असं सांगायचं. गुपचूप घरात बसून केलेली सही आता सगळ्यांच्या देखत कबूल करायची होती.

त्याच्या आदल्या संध्याकाळी तेजू वेळेवर घरी आली नाही. क्लास पुन्हा सुरू केला होता आणि वैनी रोज तिला आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत जात. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, उभ्याच राहिल्या. फोन बंद. मोटारसायकलवरची ती दोन माणसंही जागेवर नव्हती. वैनींनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. अनवाणीच पळत सुटल्या त्या. मी मागं. रिक्षा, म्हशी, गाड्या, कशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ज्या बाईला रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागत असे, ती मधोमध पळत होती.

क्लासच्या जिन्यावर तेजू भेटली. सरांनी जादा तास घेतला होता आणि फोनचं चार्जिंग संपलं होतं. “मम्मी, काय झालं?” तिनं विचारलं. वैनी रस्त्यावरच बसल्या. रडल्या नाहीत. तेजूचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या नुसत्या.

घरी भाऊजी वाट बघत होते. तो शांत माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला. “बास झालं! उद्या शाळेत जायचं न्हाय. सांगून टाक, सही माझी न्हाय.” वैनी खाली बघून म्हणाल्या, “आज रस्त्यात बसले, तशी रोज बसू काय, सांगा?” भाऊजींनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मला तेव्हा कळलं, की त्या घरात सगळ्यांत जास्त घाबरलेला माणूस भाऊजी होते.

तपासणीच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर पांढऱ्या शर्टातला तो माणूस आणखी सात-आठ जण घेऊन उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकीला तो नमस्कार करी आणि नावानं हाक मारी. बस्स, तेवढंच. बायका कोपऱ्यापर्यंत येत, त्याला बघत आणि परत फिरत. आत गेलेल्यांतली लक्ष्मीमावशी, जी दुकानाला लागून खानावळ चालवायची, अधिकाऱ्यांपुढं म्हणाली, “ही सही माझी न्हाय.” तिच्या मागच्या दोघीही तेच म्हणाल्या.

वैनी अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग एकदम म्हणाल्या, “साहेब, बाहीर ती माणसं उभी हायत. त्यास्नी बगून बायका खोटं बोलाय लागल्यात. तुम्ही आदुगर त्यास्नी हलवा, मग इचारा.” साहेब तरुण होते. त्यांनी वैनींच्या थरथरणाऱ्या हनुवटीकडे पाहिलं आणि बरोबरच्या पोलिसांना बाहेर पाठवलं. माणसं फाटकापासून हलली, पण समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली.

मग वैनी कोपऱ्यावर गेल्या. परत फिरणाऱ्या बाईचा हात धरायचा, तिला त्या नजरांसमोरून आत आणायचं आणि पुन्हा कोपऱ्यावर जायचं. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. एक नवी सून मला नंतर म्हणाली, “त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता. मग मला वाटलं, ह्या जात्यात तर मी का नको?” सह्या पुरेशा ठरल्या. मतदान जाहीर झालं.

मतदान त्याच शाळेत झालं. बायका आल्या, रांगा लागल्या. आजारी बाया रिक्षातून आल्या. मोजणीत आडव्या बाटल्यांचा ढीग उंच होता आणि उभ्या बाटल्यांचा अगदी छोटा. आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी निकाल वाचला. आडव्या बाटलीची मतं यादीतल्या निम्म्या नावांपेक्षा थोडीशी कमी भरत होती. यादीत मेलेल्या बाया होत्या, लग्न होऊन सांगली-बेळगावला गेलेल्या पोरी होत्या, आणि दारं लावून घरात बसलेल्या होत्या. त्या सगळ्या दुकानाच्या कामी आल्या. दुकान राहिलं. वर्षभर पुन्हा मागणी करता येणार नाही, असंही आम्हाला सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लागली, गुलाल उडाला. आम्हाला घरी जायचं तर तिथूनच जावं लागणार होतं. वैनींनी पदर डोक्यावरून घेतला, एका हातानं तेजूला आणि दुसऱ्या हातानं मला धरलं. माळेतला प्रत्येक फटाका त्यांच्या अंगातून जात होता, मला हातातून कळत होतं. पण त्या थांबल्या नाहीत. गुलाल अंगावर पडला, तो त्यांनी घरी जाऊन धुतला.

महिन्याच्या आत भाऊजींनी कागलला कारखान्याजवळ खोली घेतली. वैनींनी सामान बांधलं. टेम्पो भरला, त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर आली. सही नाकारणारी लक्ष्मीमावशी मागं, भिंतीच्या कडेला उभी होती. वैनी तिच्यापाशी गेल्या. मावशी रडायलाच लागली. “मी तोंड कसं दाखवू तुला?” वैनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “भ्यालीस. त्यात काय पाप केलंस व्हय? म्होरल्या टायमाला मात्र बाईंचा हात धर.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि टेम्पोत बसल्या. म्हणजे पुढच्या वेळी दारोदार मला जायचं होतं, हे मला टेम्पो वळल्यावर उमजलं.

वर्ष सरलं, तेव्हा दुसऱ्यांदा दारोदार जायची पाळी माझी होती. पहिल्या दाराशी मी बेलवर बोट ठेवलं आणि दाबता येईना. मोटारसायकल तिथंच होती. दार उघडलं, तेव्हा तयार केलेलं भाषण मी विसरले होते. मी उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, “मला फार भीती वाटतेय हो.” आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य बोलले होते. आतली बाई म्हणाली, “या बाई, चा टाकते.” लक्ष्मीमावशी शेवटपर्यंत माझ्याबरोबर फिरली. खानावळीचं तिचं टपरं एकदा कुणीतरी उलथवून टाकलं, तरी फिरली. मधल्या काळात आम्ही यादीतली मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावं अर्ज करून कमी करून घेतली होती. त्यात वैनींचं नावही गेलं, कारण त्या आता कागलच्या मतदार झाल्या होत्या. जिनं हे सुरू केलं, तिलाच मत नव्हतं.

या वेळी निकाल वाचला, तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. अधिकाऱ्यांनी तो पुन्हा वाचला. दुकान बंद. बाहेर कुणी फटाके लावले नाहीत. समोरच्या फुटपाथवर ती माणसं गप्प उभी होती. आणि ते गप्प उभं राहणं मला फटाक्यांपेक्षा वाईट वाटलं. अंधार पडायच्या आत आम्ही घाईघाईनं पांगलो.

घरी आल्या आल्या मी कागलला फोन लावला. पलीकडून आधी “कोण?” झालं, मग नाव सांगणं झालं. “वैनी,” मी म्हटलं, “आडवी झाली. बंद झालं दुकान.”

मला वाटलं, आता त्या रडतील. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

“बाई, सगळ्या बाया नीट घरी पोचल्या काय?”

लक्ष्मीमावशी आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत होती. पुढं ती एकटीच गेली होती. ती नवी सून कुणाबरोबर गेली, ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

“थांबा वैनी,” मी म्हटलं, “बघून येते.” आणि फोन तसाच चालू ठेवून मी पायात चपला सरकवल्या.